विसवणाच्या तुकड्या

तव्यावरच्या तुकडीला मुताचा वास येत होता. सायलीने ओढणी नाकाला लावली. कोकमाचं आगळ चोळून, आलं-लसूण लावून, रव्यात घोळवूनही तो वास जात नव्हता.

बाहेर पाहुणे जेवायला बसले होते. तिचं लग्न ठरलेला स्वप्नील आईला घेऊन केरीहून आला होता. येताना त्याने बर्फाच्या डब्यातून माशाच्या तुकड्या आणल्या होत्या. "विसवण हा, मामा. सगळ्यात म्हाग," असं त्याने सायलीच्या वडिलांना, नारायणला, उंबऱ्यातच ऐकवलं. नारायणचं इब्रामपूरचं शेतकरी घर. सुरमईला इथे विसवण म्हणतात; ते यायचं सणासुदीला.

सायलीने डब्यातली एक कच्ची तुकडी उचलली. विसवणाची कातडी गुळगुळीत असते. हिच्यावर उलटा हात फिरवला तर बोटांना पॉलिश पेपर घासल्यासारखं झालं. मधल्या मणक्यात तिचं नख रुतलं. काटा असा नव्हताच, नुसती मऊ कूर्चा. डब्याच्या तळाशी मानेचा तुकडा राहून गेला होता. काट्याच्या माशाला कल्ल्यांवर झाकण असतं. इथे पाच उघड्या चिरा होत्या आणि त्यांतून काळपट, चिकट पाणी गळत होतं.

मोरी. लहान शार्क. ताजी मोरी या घरात सगळे आवडीने खायचे. ही सडली होती.

तेवढ्यात बाहेरून बाबांची हाक आली.

"वा! असा विसवण लय दिसांनी खाल्लंय. आणखी एक वाढ गे!"

त्यांच्यासमोर तिला बोलवेना. वाढायला गेली तेव्हा दिसलं, स्वप्नीलने आणि त्याच्या आईने तुकडीला बोटही लावलं नव्हतं. तो हात धुवायला उठला, तशी ती मागल्या दारी गेली.

"ही मोरी हा. ती पण कुसलेली."

स्वप्नील हसला. "मगे? आमच्या हॉटेलात विसवण म्हणानच जाता. शहरातल्या गिऱ्हाइकांक कळना नाय, तुझ्या बापाशीक काय कळतला? बघ, कसो बोटां चाटता!"

वर्षभर ती याच हसण्यावर भाळली होती. आता तिला त्याच्या तोंडाकडे बघवेना. ती तरातरा आत गेली. बाबांच्या पुढ्यातलं ताट तिने उचललं आणि स्वप्नीलच्या आईला म्हणाली, "तुम्ही जावा. ह्या लगीन मी करूचंय नाय."

बरीच बोलाबोली झाली. शेवटी गाडी वळून गेली, तसा नारायण धावत मागच्या माडाशी गेला आणि भडाभडा ओकला. सायली त्याची पाठ चोळत राहिली. ती रडायलाच लागली.

"बाबा, फसवल्यान त्याने तुमका. विसवण नव्हताच ता."

नारायणने चूळ भरली, तोंड पुसलं.

"पयल्याच घासाक कळला माका. पण तुझो जीव जडलेलो त्याच्यार, म्हणान गिळलंय."