बाबांचं मत

अर्धांगवायूच्या झटक्यानं जीभ जड झाल्यापासून बाबांचं बोलणं फक्त लेकीलाच कळायचं. बाकीच्यांना नुसती घरघर ऐकू यायची. तिचा नंबर लांबच्या महागड्या विद्यापीठात लागला, तसाच गावातल्या स्वस्त कॉलेजातही. दोन दिवस खल करून आईनं हात टेकले. "त्यांनाच विचार बाई. ते म्हणतील तसं."

लेक खाटेशी वाकली. बाबांनी सगळा जीव एकवटून सांगितलं, "घर विकू, पण तू जा."

"काय म्हणतात गं?"

"म्हणतात, इथलंच घे. लांब जाऊन काय दिवे लावणारेस?"

बाबा चालत्या हातानं गादीवर थापा मारू लागले. त्यांचे डोळे घळघळा वाहायला लागले.

आईनं ते हलकेच पुसले. "बघ, पोरगी जवळ राहणार म्हटल्यावर किती आनंद झालाय!"