उडतं जनुक, सौम्य मिरची

पेढ्यांचा पुडा. ताकाचा तांब्या. फुगलेला गाल. एक उडतं जनुक.

हे जनुक केळुसकर सरांनी मिरचीच्या रोपांत सोडलं होतं. ते उड्या मारत कुठेही जाऊन बसतं आणि तिथलं काम बिघडवतं. तिखटपणाच्या जनुकावर बसलं, की मिरची सौम्य! पण ते कळणार चाखूनच. सरांना तिखट सोसत नसे. म्हणून चाखायला त्यांची विद्यार्थिनी मंजिरी आणि सोबतीला ताक. सर महिनाअखेरीस निवृत्त होणार होते आणि मंजिरीच्या डोळ्यांतलं पाणी काही थांबत नव्हतं.

आज ती धावत आली. "शर, शापडली! अजिबात तिखट नाही!"

आनंदाने पोरीची जीभ अडखळतेय, असं सरांना वाटलं. त्यांनी पेढे मागवले, सगळा विभाग जमवला आणि मिरची उचलली.

"भेळेतली मिरची वेचून टाकणारे तुम्ही, अख्खी खाणार?" वागळेबाईंनी विचारलं.

"माझ्या जनुकावर माझा विश्वास आहे, बाई."

सरांनी मिरची कचकन चावली. मग ताकाच्या तांब्याकडे त्यांनी जी उडी मारली, तशी त्या जनुकानेही कधी मारली नसेल.

सकाळी डॉक्टरांनी मंजिरीची अक्कलदाढ काढताना तिची जीभ बधिर केली होती.