नुसती ओ

स्वतःची गाणी स्वतःच लिहून गाणारी ती गायिका आता चित्रपटांतूनही दिसू लागली होती. आज डबिंगला तिचं एकच अक्षर उरलं होतं. पडद्यावरची आई स्वयंपाकघरातून हाक मारते आणि मुलगी आतल्या खोलीतून ओ देते, एवढंच.

"मॅडम, तुमची ओ सुरात येतेय," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला. "आलाप नकोय, नुसती ओ द्या."

तिने पुन्हा दिली.

"आता बँकेत नंबर पुकारल्यासारखी वाटतेय. घरी कुणी हाक मारली की कशी देता, तशी द्या ना. नाहीतर दिग्दर्शक म्हणतायत, एवढ्यापुरता दुसरीचा आवाज लावू."

"माझ्या तोंडी दुसरीचा आवाज? अजिबात नाही!" ती उसळली. मग म्हणाली, "दादा, हाकच ऐकू आली नाही तर ओ कुठून येणार? तुम्ही मारा हाक. पण मॅडम नको. घरी मला ठमी म्हणायचे."

"ठमी?" त्याला हसू आवरेना. तरी त्याने बटण दाबलं आणि पोळी करपायच्या आत कुणाला तरी बोलवावं, तशी हाक मारली, "ठमेऽऽ!"

"ओ!" श्वास घ्यायच्या आधीच तिच्या तोंडून निघून गेलं.

"वा! अगदी घरातली ओ. झालं काम, सुटलात तुम्ही."



कानावरचे हेडफोन तसेच दाबून धरत ती म्हणाली, "दादा, अजून एकदा माराल हाक?"