काचेपलीकडचं दही

माणदेशातल्या कोरड्या माळावर, साथीच्या तापातून वाचलेल्यांच्या वस्तीत हेमलताबाई राहत होत्या. ताप सहा वर्षांपूर्वीच उतरला होता. पण अतिदक्षता विभागात असताना अंगावर बसलेली बुरशी अजून कुठल्याच औषधाला जुमानत नव्हती. त्यांना स्वतःला तिचा काही त्रास नव्हता. त्यांच्या स्पर्शानं मात्र दुसरं माणूस दगावलं असतं.

आज भेटीच्या खोलीतल्या काचेपलीकडे त्यांची मुलगी चारुता उभी होती. ती नोकरीसाठी कॅनडाला निघाली होती.

"आई, निघते गं. हातावर दही दे ना," म्हणत तिनं तळहात पुढं केला.

हेमलताबाईंनी सकाळपासून वाटी तयार ठेवली होती. सवयीनं त्यांनी चमचा भरून पुढं नेला. तो टक्कन काचेवर आपटला आणि दही खाली ओघळलं.

चारुतानं हात मागं घेतला नाही. थोड्या वेळानं तिनं तो रिकामा तळहात चाटला.

"साखर कमी पडलीय," ती हसून म्हणाली.

"पुढच्या खेपेला जास्त घालीन हो."

गाडी दिसेनाशी झाल्यावर हेमलताबाईंनी वाटीतलं दही तोंडात घातलं. साखर घालायचीच राहून गेली होती.