पाठीला भिंत

मावशी दातांची डॉक्टर, पण भुताच्या सिनेमांचं तिला भारी वेड. थेटरात ती नेहमी शेवटची रांग घ्यायची. "पाठीला भिंत असली की निम्मं भूत तिथंच संपतं," असं तिचं म्हणणं.

तिच्या आवडत्या भूतपटाचा दुसरा भाग लागला, तशी ती भाचीला घेऊन दुपारच्या खेळाला गेली. थेटरात दोघीच.

"आता कपाटातून मांजर उडी मारणार," मावशी कुजबुजली. मांजराने उडी मारली.

"आता दिवे जाणार." दिवे गेले. भाचीने दोन्ही हातांनी डोळे झाकले.

"पहिल्या भागातलंच उगाळतायत मेले!" मावशी वैतागली.

तेवढ्यात पडद्यावर एक सोफा दिसला. सोफ्यावर एक बाई आणि एक मुलगी थेट समोर बघत बसल्या होत्या. बाई मुलीच्या कानाशी लागून म्हणाली, "आता धाकटी विचारणार, या आपल्याकडे का बघतायत?"

भाचीच्या अगदी ओठांवर तोच प्रश्न आला होता. तिने तो गिळला.

मावशी मात्र खुशीत सरसावून बसली. किती वर्षांनी पुढचं काही ओळखता येत नव्हतं!

"आता थोरली हसणार," पडद्यावरची बाई म्हणाली. मावशीला खरंच हसू फुटलं.

"बरं, आणि आता?" तिने न राहवून मोठ्याने विचारलं.

पडद्यावरच्या बाईची नजर सावकाश मावशीच्या डोक्यावरून वर, मागच्या भिंतीकडे गेली.

सोफ्यावरच्या मुलीने दोन्ही हातांनी डोळे झाकले.