खूणगाठ

राजूरच्या रखमाजीला काही लक्षात ठेवायचं असलं, की तो उपरण्याच्या टोकाला गाठ मारायचा. गाठ दिसली की काम आठवायचं. पण आज सकाळपासून उपरण्याला एक गाठ होती आणि ती कशासाठी मारली, ते काही केल्या आठवेना.

"अगदी जिभेवर हाय बघ," तो बायकोला म्हणाला.

"मंग गिळून टाका," चुलीपुढून दुर्गाबाई म्हणाली. "सोडा ती गाठ अन् जेवायला बसा."

त्याने दातांनी ओढून गाठ सोडली. हात धुऊन आला, तर गाठ बरोबर त्याच जागी. वैतागून पुन्हा सोडली. उपरणं झटकून खांद्यावर टाकलं, तर पुन्हा होतीच. माणूस विसरभोळा असला तर चालतं, पण उपरण्याने इतकं आठवणीचं असू नये.

"तूच मारून राह्यली का गं?"

"मला काय दुसरे धंदे न्हाईत?" दुर्गाबाईने गाठ निरखून पाहिली. "अवं, ही तुमची बी न्हाई. उलट्या पिळाची हाय. डावऱ्या माणसानं मारलेली."

"आपल्या घरात डावरं कोण हाय?"

सांगायला तिने तोंड उघडलं आणि तशीच थांबली. नाव तिच्याही जिभेवरच अडकलं होतं.

"घरात आपण दोघंच," रखमाजी चिडून म्हणाला. "मंग ताटं तीन कशाला वाढली?"

"रोज तीनच वाढते की," ती हळूच म्हणाली.

दोघांनी तिसऱ्या ताटाकडे पाहिलं. त्यातली भाकरी निम्मी संपली होती.