दुधाचा मेसेज

नऊ वाजून गेले तरी दुधाचा मेसेज आला नव्हता. डबा भरता भरता तिचा हात थांबला.

बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटे राहत. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. सात वाजले की दुधाच्या दुकानात जायचं, एक पिशवी घ्यायची आणि मोबाइलवरून पैसे द्यायचे, हा त्यांचा नेम. खातं बापलेकीच्या नावावर होतं आणि बँकेचा मेसेज तिच्या फोनवर यायचा. तो आला की तिचा जीव भांड्यात पडायचा. मागच्या वर्षी ते न्हाणीघरात घसरून पडले होते आणि संध्याकाळपर्यंत कोणाला पत्ताही नव्हता.

त्यानंतर तिने रोज फोन करायचा आग्रह धरला. रोज बोलण्यासारखं आहेच काय, म्हणून त्यांनी तो उडवून लावला. मोबाइलवरून पैसे द्यायला शिकवतानाही तिच्या नाकी नऊ आले. माझा खिसा काय फाटलाय, असं विचारायचे. शिकले, तरी मनात आलं तर मोबाइल, नाहीतर नोटा. एकदा ती सहज बोलून गेली, "परवा दूध आणलं नाहीत का?" त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि विषय बदलला. मात्र तेव्हापासून त्यांचा एकही दिवस चुकला नाही. म्हातारा सुधारला, असं तिने नवऱ्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. शेवटी सासरे कोणाचे, म्हणत त्यानेच श्रेय लाटलं.

आता तिने फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच. डबा तसाच टाकून ती रिक्षात बसली. नको नको ते मनात येत होतं. आपण हट्टाने त्यांना घरी का आणलं नाही, म्हणून ती वाटभर स्वतःला बोल लावत होती.

दाराला बाहेरून कुलूप होतं. म्हणजे न्हाणीघरात तरी नाहीत. ती धावतच कोपऱ्यावरच्या दुकानाकडे गेली.

दुकानाबाहेर पाटी होती : नेटवर्क बंद, आज फक्त रोख. पाटीखालीच बाबा उभे होते, ठणठणीत. एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हाताने मोबाइल डोक्यावर धरलेला. ती तिथल्या पायरीवरच बसली. हसू आणि रडू एकदमच आलं.

दुकानदारीण कावली होती. सकाळपासून हे असे उभे आहेत, ती सांगू लागली. म्हटलं रोख द्या, नाहीतर उद्या द्या. बसायला स्टूल दिलं, तेही नको. आता दूध नासेल नाही तर काय.

बाबांच्या सदऱ्याच्या खिशातून नोटा डोकावत होत्या. तिने नोटांकडे बोट दाखवलं.

"बाबा, खिशात पैसे आहेत की. द्यायचे आणि घरी जायचं."

बाबांनी हात खाली घेतला. जरा ओशाळले.

"नोटा दिल्या असत्या तर हिला पैसे मिळाले असते गं. पण मी उठलोय, हे तुला कसं कळलं असतं?"